बिरड्याचा मोड आणि हाडातला मगज



गेल्या महिन्यात रविवारी सकाळी माझ्या मामींचा फोन आला. मामी ८१ वर्षांच्या आहेत आणि इथे न्यू जर्सीत मुलाकडे राहतात. त्यांच्या गुडघ्यांची तक्रार जुनीच. पण त्या दिवशी आवाजात वेगळाच उत्साह होता. "अरे, तू इतकी वर्षं इस्पितळात काढलीस ना? मग सांग, हे स्टेम सेलचं इंजेक्शन गुडघ्यात घेऊ का?"

चौकशी केल्यावर कळले ते असे. घरी एक पत्रक आले होते. एका हॉटेलात दुपारचे मोफत जेवण, तासाभराचे भाषण आणि "शस्त्रक्रियेशिवाय गुडघा नव्यासारखा" असे आश्वासन. मामी शेजारणीबरोबर गेल्या. जेवणाला हात लावला नाही, फळे तेवढी खाल्ली. पण भाषण मात्र पूर्ण ऐकले. एका गुडघ्याचे पाच हजार डॉलर, दोन्ही केले तर सवलत. सवलत हुकू नये म्हणून पाचशे डॉलर आगाऊ भरूनही आल्या.

मी डॉक्टर नाही. इस्पितळाच्या रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो. पण स्टेम सेल या शब्दाशी माझी ओळख नोकरीपुरती नाही, घरातली आहे. ती पुढे सांगतो. मामींना फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगितले, ते आपल्या मासिकाच्या वाचकांसाठी नीट मांडावे असे वाटले. कारण अशी पत्रके फक्त मामींच्याच घरी येतात असे नाही.

मूळ पेशी म्हणजे काय?

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. डोळ्याची पेशी पाहण्याचे काम करते, स्नायूची पेशी आकुंचन पावते. ती आपले काम सोडून दुसरे करू शकत नाही. मात्र काही थोड्या पेशी अशा असतात की त्यांनी अजून कोणतेच काम पत्करलेले नसते. त्या विभागतात तेव्हा एक पेशी मूळचीच राहते आणि दुसरी एखादे काम शिकून त्या कामाला लागते. त्यामुळे साठाही संपत नाही आणि नवी माणसेही मिळत राहतात. यांनाच स्टेम सेल किंवा मूळ पेशी म्हणतात.

झाडात त्या सहज पाहता येतात. आपल्या बिरड्याच्या सणाला आई वाल भिजवून फडक्यात बांधून ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरा मोड बाहेर यायचा. त्या मोडाच्या टोकाशी मूळ पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. मुळाच्या टोकाशी एक, कोंबाच्या टोकाशी एक. वेल कितीही वाढला तरी वाढ तिथूनच होते.

कोकणात वाढलेल्यांना नारळाचे झाड आठवत असेल. आंब्याची फांदी तोडली तर बाजूने फुटवा येतो. नारळाला तसा येत नाही, कारण त्याचा वाढणारा शेंडा एकच. गेंड्या भुंग्याने तो आतून पोखरला की उंचच्या उंच माड उभ्या उभ्या मरतो. वाडीवाला भुंग्याला इतका का घाबरतो, याचे कारण त्या शेंड्यातल्या मूळ पेशी आहेत. याउलट पानफुटीचे एक पान ओल्या मातीवर टाका, त्याच्या कडेला रोपे उगवतात. इथे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन जातीचा एक पाइन वृक्ष आहे. वय ४,८०० वर्षांहून जास्त. म्हणजे आपले पिता अब्राहाम यांच्याही आधीचा. त्याच्या मूळ पेशी आजही नवी पालवी देत आहेत.

१९५८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टुअर्ड या शास्त्रज्ञाने गाजरातल्या सुट्या पेशी घेऊन त्यांच्यापासून गाजराची पूर्ण रोपे तयार केली. त्या पेशींना वाढवण्यासाठी काय घातले असेल? नारळाचे पाणी! आज जळगावची केळी ज्या टिश्यू कल्चरच्या रोपांवर येतात, ती याच वाटेवरची.

प्राण्यांत हे कौशल्य कमी होत जाते. प्लॅनेरिया नावाचा एक चपटा पाण्यातला किडा आहे. थॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे तुकडे केले, तर अगदी २७९ व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण किडा तयार होऊ शकतो असे त्यांना आढळले. पालीला शेपूट परत येते. आपल्याला बोटही परत येत नाही. तरी आपणही अगदीच कंगाल नाही. आपली कातडी, आतड्याचे अस्तर आणि रक्त हे तिन्ही सतत नव्याने तयार होत असतात, आणि ते त्या त्या जागच्या मूळ पेशींमुळे. गुडघ्यातली कूर्चा मात्र या बाबतीत गरीब. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती झिजली की फारशी भरून येत नाही. मामींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

हाडातला मगज

मटणाच्या रश्शातली नळी चोखून खाल्लेल्यांना मगज काय ते सांगायला नको. त्यालाच डॉक्टर बोन मॅरो किंवा अस्थिमज्जा म्हणतात. मोठ्या माणसात रक्त तयार करणारा मगज मुख्यतः कमरेच्या, छातीच्या आणि पाठीच्या हाडांत असतो. तिथल्या मूळ पेशी दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हा कारखाना एक दिवसही बंद ठेवून चालत नाही.

ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, हा कारखानाच बिघडतो. मग जालीम औषधे देऊन बिघडलेला मगज नष्ट करायचा आणि निरोगी माणसाच्या मूळ पेशी शिरेतून चढवायच्या. त्या रक्तातून फिरत स्वतःच वाट काढत हाडात जाऊन रुजतात. आंब्याच्या कलमासारखेच हे. खुंट एकाचा, डोळा दुसऱ्याचा.

हे प्रथम करून पाहणाऱ्यांत डॉ. ई. डोनॉल थॉमस अग्रणी. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या लहानशा गावाच्या इस्पितळात त्यांनी काम सुरू केले. १९५७ मध्ये त्यांनी सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतला एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. अनेकांनी हा नाद सोडला, थॉमस यांनी सोडला नाही. आधी कुत्र्यांवर, मग सिअ‍ॅटलमध्ये माणसांवर, त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्या पत्नी डॉटी प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर होत्या. १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज मूळ पेशींचा जो उपचार खात्रीने लोकांना जगवतो, तो हाच.

जुळणी, आणि आपण

आता घरातली गोष्ट. माझ्या धाकट्या भावाला १९९३ मध्ये ल्युकेमिया झाला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. रक्तगट जुळला की रक्त देता येते, पण मगजाचे तसे नसते. त्यासाठी एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. या खुणा निम्म्या आईकडून आणि निम्म्या बापाकडून येतात. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. आम्ही तिघा भावंडांनी तपासणी केली. तिघांचीही जुळली नाही. मग देशाच्या नोंदवहीत शोध घेतला. अमेरिकेतली ही राष्ट्रीय नोंदवही १९८६ मध्ये सुरू झाली होती, पण तिच्यात तेव्हा आपल्यासारख्यांची नावे फारच थोडी होती. ज्या प्रयोगशाळेत मी रोज परक्यांच्या रक्ताच्या जुळण्या करत होतो, तिथे भावासाठी माझ्या हातात काही नव्हते. १९९५ मध्ये तो गेला.

जुळणी वंशावर अवलंबून असते. म्हणून आपल्या लहान समाजासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची. कॉर्नेल आणि तेल अवीवच्या संशोधकांनी २०१६ मध्ये आपल्या बेने इस्रायल लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की आपल्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचाही वाटा आहे आणि भारतीय लोकांचाही. नवगावच्या किनाऱ्यावर तारू फुटले आणि सात जोडपी वाचली, ही आपली कथा ऐकत आपण वाढलो. रक्ताची साक्ष तिच्याशी विसंगत नाही, याचा आनंद आहेच. पण याचाच दुसरा अर्थ असा की आपल्या खुणा ना पूर्ण युरोपीय ज्यूंसारख्या, ना पूर्ण शेजारच्या मराठी माणसासारख्या. आपल्याला जुळणारा दाता सापडण्याची सर्वांत चांगली आशा आपल्याच माणसांत आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीचे आकडे पाहा. पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता गोऱ्या रुग्णाला ७९ टक्के, आशियाई वंशाच्या रुग्णाला ४७ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णाला २९ टक्के. फरक नोंदींच्या संख्येचाही आहे आणि खुणांच्या विविधतेचाही.

नोंदी वाढवल्या तर काय होते, त्याची दोन उदाहरणे. १९९१ मध्ये जे फाइनबर्ग या २२ वर्षांच्या अमेरिकन ज्यू तरुणाला ल्युकेमिया झाला. त्याचे पूर्वज पूर्व युरोपातले. ज्या समाजात जुळणी सापडायची तो समाजच नाझींनी संपवलेला. घरच्यांनी आणि मित्रांनी गावोगाव मोहिमा काढून ५० हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. १९९५ मध्ये दाता सापडला आणि तो बरा झाला. त्यातूनच फ्लोरिडातली 'गिफ्ट ऑफ लाइफ' ही नोंदवही उभी राहिली. तेच १९९५ साल. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

दुसरे उदाहरण २००७ मधले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या भारतीय वंशाच्या दोन तरुणांना ल्युकेमिया झाला. मित्रांनी काही आठवड्यांत २४ हजारांहून अधिक दक्षिण आशियाई लोकांची नोंद करवली. दोघांनाही दाते मिळाले. दुर्दैवाने रोग उलटला आणि २००८ मध्ये दोघेही गेले. पण ती हजारो नावे नोंदवहीत राहिली, पुढच्या रुग्णांसाठी.

इस्रायलमध्ये 'एझेर मिझिओन' ही जगातली सर्वांत मोठी ज्यू नोंदवही आहे. तिथे २००५ पासून सैन्यात दाखल होणाऱ्या तरुणांना नोंदणीची संधी दिली जाते. भारतात चेन्नईची 'दात्री' ही नोंदवही २००९ पासून आहे. या नोंदवह्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत. त्यामुळे अश्दोदच्या एखाद्या दिवेकरच्या पेशी न्यू जर्सीतल्या पेणकरला चालू शकतात.

एक दिलासाही सांगायला हवा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातल्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक जुने औषध देण्याची पद्धत बसवली. तिच्यामुळे आता निम्म्या जुळणीवरही, म्हणजे आई, बाप किंवा मुलगा-मुलगी यांच्या पेशींवरही, अनेकांचे प्रत्यारोपण होते. माझ्या भावाच्या वेळी ही सोय नव्हती.

गुडघा, डोळा आणि पाच हजार डॉलर

आता मामींचे पत्रक. अमेरिकेत औषधांना परवानगी देणारे एफडीए हे सरकारी खाते आहे. त्याने मूळ पेशींच्या ज्या उपचारांना मान्यता दिली आहे, ते मुख्यतः रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांसाठी आहेत. गुडघ्याची झीज, पाठदुखी, विसराळूपणा, पार्किन्सन यांपैकी कशासाठीही मान्यताप्राप्त स्टेम सेल उपचार नाही.

तरीही दुकाने भरपूर. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी मोजले, तर अमेरिकेत असे उपचार थेट लोकांना विकणारे ३५१ व्यवसाय आणि त्यांची ५७० केंद्रे सापडली. त्यानंतर संख्या वाढलीच. फ्लोरिडाने तर २०२५ मध्ये हाडे-सांधे, जखमा आणि वेदना यांसाठी डॉक्टरांना असे अमान्य उपचार काही अटींवर करू देणारा कायदा केला. पण कायद्याने परवानगी मिळणे वेगळे आणि गुण येणे वेगळे.

गुण येतो का, हेही तपासून पाहिलेले आहे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाच्या पुढाकाराने गुडघेदुखीच्या सुमारे ४८० रुग्णांवर एक मोठी तुलना झाली. ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना स्वतःच्या मगजातल्या पेशी, काहींना स्वतःच्या चरबीतल्या, काहींना नाळेतल्या पेशी आणि काहींना नेहमीचे स्वस्त स्टिरॉइडचे इंजेक्शन. वर्षभराने पाहिले, तर पेशींचे कोणतेही इंजेक्शन स्टिरॉइडपेक्षा सरस ठरले नाही.

पैसे गेले एवढ्यावर निभावले तरी नशीब. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात ७२, ७८ आणि ८८ वर्षांच्या तीन बायकांनी नजर सुधारावी म्हणून स्वतःच्या चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्या. एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत. त्यांनी त्यासाठी पाच हजार डॉलर भरले होते. तिघींचीही नजर जवळजवळ गेली. २०१८ मध्ये नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या इंजेक्शनांतून जंतू शरीरात गेले आणि १२ जणांना इस्पितळात ठेवावे लागले. मूळ पेशी नको त्या जागी गेली तर ती नको ते करू शकते. माळ्याला हे कळते: वाफ्यात जे हवे तेच उगवते असे नाही.

"सफरचंदाच्या स्टेम सेलची क्रीम" हाही एक प्रकार बाजारात आहे. सफरचंदाची मूळ पेशी सफरचंदाचेच झाड करू जाणते. आपल्या गालाची कातडी तिला करता येत नाही. कातडी मऊ होत असेल तर ती क्रीममधल्या स्निग्धतेने, आणि ते काम आपले खोबरेल तेलही करते.

खरे काम कुठे चालले आहे?

म्हणून निराश होण्याचे कारण नाही. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या मूळ पेशी प्रथम वेगळ्या करून वाढवल्या. गर्भाचा प्रश्न आला म्हणून इथे मोठा वाद झाला. त्या वादात ऑर्थोडॉक्स रब्बींच्या संघटनांनीही २००१ मध्ये, जीव वाचवण्याच्या आज्ञेचा विचार करून, वंध्यत्वाच्या उपचारांत उरलेल्या गर्भांवरच्या संशोधनाला पाठिंबा दिला होता. पुढे जपानचे शिन्या यामानाका यांनी कातडीच्या साध्या पेशीलाच मागे नेऊन मूळ पेशीसारखे बनवले. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

फळे आता दिसू लागली आहेत. सिकल सेल आणि थॅलॅसेमिया या रक्ताच्या आजारांसाठी रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत देण्याच्या उपचारांना एफडीएने मान्यता दिली आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहानपणीच्या प्रकारचा, म्हणजे टाइप १, मधुमेह असलेल्या १२ जणांना मूळ पेशींपासून बनवलेल्या इन्सुलिनच्या पेशी दिल्या. वर्षभराने त्यांतल्या १० जणांना इन्सुलिन टोचावे लागत नव्हते. पार्किन्सनवरही असे प्रयोग चालू आहेत. हे सगळे अजून थोड्या लोकांवर, मोठ्या इस्पितळांत, वर्षानुवर्षे नोंदी ठेवून चालले आहे. हॉटेलातल्या जेवणावळीत नव्हे.

विचारायचे चार प्रश्न

कोणी असा उपचार सुचवला तर पैसे देण्याआधी एवढे विचारा:

१. माझ्या या दुखण्यासाठी हा उपचार सरकारमान्य आहे का? "दवाखाना नोंदणीकृत आहे" हे त्याचे उत्तर नव्हे.

२. हा प्रयोग असेल तर मी पैसे का भरायचे? खऱ्या संशोधनात प्रयोगातल्या उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत.

३. एकच इंजेक्शन गुडघा, डोळे, फुप्फुसे आणि स्मरणशक्ती या सर्वांवर चालते का? "हो" म्हणाले तर उठून घरी या.

४. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का?

मामींनी दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात फोन केला. आगाऊ रकमेतले निम्मेच पैसे परत मिळाले. आता त्या आठवड्यातून दोनदा व्यायामशिक्षिकेकडे जातात आणि खुर्चीवर बसून पाय उचलण्याचे व्यायाम घरी करतात. गुडघे नवे झाले नाहीत, पण जिना चढताना कठड्याला पूर्वीइतके ओढून धरावे लागत नाही.

आपण म्हाताऱ्यांनी काय करावे?

अमेरिकेच्या नोंदवहीत नाव घालण्याचे वय १८ ते ४०. म्हणजे माझे आणि तुमचेही वय उलटले. पण घरात ज्यांचे शब्द ऐकले जातात ते आपणच.

नातवंडांना सांगा की नोंदणीला रक्तही लागत नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि पाकिटात घालून पाठवायची. पुढे कधी जुळणी निघाली, तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने घेऊन हाताच्या शिरेतून काही तासांत पेशी काढतात. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात. पाठीच्या कण्यातून काहीही काढत नाहीत. हा गैरसमज आपल्यात फार आहे, आणि माझ्या आईलाही तो होता. काढलेला मगज काही आठवड्यांत भरून येतो. आणि नोंदणी केल्यावर ऐन वेळी माघार घेऊ नये, हेही सांगा. तोवर रुग्णाचा मगज औषधांनी नष्ट केलेला असू शकतो.

मामींनी मला विचारले, "माझा चालेल का रे मगज?" मी नाही म्हणालो. त्या थोड्या वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझ्या भावाच्या वेळी आम्हाला कोणी विचारलंच नाही." खरेच होते ते. आम्ही तपासले ते भावंडांपुरते. समाजापुढे हात पसरायचा संकोच वाटला.

पुढच्या महिन्यात त्यांच्या नातीच्या लग्नाआधी घरी मलिदा आहे. एलियाहू हन्नाबीची आठवण करून ताट वाटायचे, सगळे गोतावळ्याचे लोक येणार. मामींनी नोंदवहीकडून काड्यांची तीस पाकिटे मागवली आहेत. मलिद्याच्या ताटाशेजारी टेबलावर ती ठेवणार आहेत, आणि चाळिशीच्या आतल्या कोणालाही काडी फिरवल्याशिवाय मलिदा द्यायचा नाही, असे त्यांनी मला बजावून सांगितले आहे. पाकिटे भरून घ्यायला मला त्या टेबलाशी बसवले आहे.